‘हॅपी’ या शब्दासाठी काका

ती. मावशी,

साष्टांग नमस्कार. (लिहायची पद्धत आहे म्हणून लिहिलं. प्रत्यक्षात मी खुर्चीवर बसले आहे आणि आठ अंगांपैकी जमिनीला फक्त पाय टेकलेत. बाकीची अंगं तू समजून घे.) तुझं, ताईचं आणि बाळाचं कसं चाललं आहे ते कळव. बाळाचं वजन छान वाढतंय असं तू फोनवर म्हणालीस, ऐकून बरं वाटलं; फक्त तो काटा शेवटचा कधी तपासून घेतला होता, हे दवाखान्यात विचारून ठेव. आमच्या वजनमापांच्या प्रयोगशाळेत तपासायला येणारे बाळांचे काटे बहुतेक वेळा बाळाच्या बाजूने बोलतात. ताईची झोप होते का? तुझी कंबर काय म्हणते? इकडे आम्ही सगळे ठीक आहोत. काकांची तब्येत उत्तम आहे. (त्यांना सर्दी झाली आहे. भर उन्हाळ्यात सर्दी का झाली, ते पुढे येईलच.)

हे सगळं मला फोनवर सांगता आलं असतं. पण फोनवर तू दर वाक्याला ‘अगं बाई’ म्हणतेस, मग मी कुठवर आले होते ते मला सापडत नाही, आणि या प्रकरणात क्रमाला महत्त्व आहे. तर क्रमाने सांगते.

ताईकडे निघताना तू पुस्तकाची प्रुफं माझ्या हातात दिलीस आणि म्हणालीस, “तू काही करू नकोस, फक्त छपाईच्या चुका बघ.” मी प्रुफं घेतली. हे तुझं पहिलं पुस्तक. इतकी वर्षं तू दुसऱ्यांच्या पुस्तकांतून मुलांना इंग्रजी शिकवलंस, त्यांतल्या चुका पेन्सिलने सुधारत बसलीस, आणि आता कुठे ‘मुलांसाठी इंग्रजी समानार्थी शब्द’ या नावाखाली मुखपृष्ठावर तुझं नाव येणार आहे. छापखानेवाल्यांनी तुझ्यासमोरच बजावलं होतं, की शाळा उघडायच्या आत पुस्तक दुकानांत गेलं तर गेलं, नाहीतर वर्षभर त्यांच्या पोटमाळ्यावर. शिवाय मशीन मोकळं दिसलं की हेडमास्तर आपली पाढ्यांची पुस्तिका घेऊन छापखान्याच्या दारात उभेच असतात. उशीर होऊन चालणार नव्हता, म्हणून मी रजा टाकली आणि काम पद्धतशीर करायचं ठरवलं. (घाईच्या कामात पद्धत पाळली की ते काम घाईचं राहत नाही. हे आमच्या साहेबांचं निरीक्षण आहे. त्यांनी ते माझ्याविषयी केलं होतं आणि त्यांचा सूर कौतुकाचा नव्हता.)

पहिल्याच पानावर ‘हॅपी’ होता. हॅपी म्हणजे काय, तर ग्लॅड. ठीक आहे. ग्लॅड म्हणजे काय म्हणून पान उलटलं, तर प्लीज्ड. प्लीज्ड म्हणजे जॉयफुल. जॉयफुल म्हणजे काय? तर हॅपी. मी परत पहिल्या पानावर. मावशी, तुला यात काही वावगं वाटत नसेल, पण मला जेवण गेलं नाही. आमच्याकडे दुकानदाराचा किलो आम्ही आमच्या किलोशी ताडून बघतो, आमचा किलो त्याहून चांगल्या किलोशी, तो आणखी चांगल्याशी, असं वर वर जात शेवटी एक वजन असतं. ते काचेच्या पेटीत बसलेलं असतं, खोलीचं तापमान त्याच्या मर्जीने ठरतं, त्याला कोणी बोट लावत नाही आणि त्याला कोणी जाब विचारत नाही. त्याला आम्ही संदर्भ म्हणतो. तुझ्या पुस्तकात चारही शब्द एकमेकांच्या खांद्यावर हात टाकून गोल उभे आहेत आणि पेटी रिकामी आहे. दोन दुकानदारांनी आपापले किलो एकमेकांशी ताडून ‘तुझं बरोबर, माझंही बरोबर’ असं ठरवलं, तर आम्ही दोघांच्याही दुकानाला टाळं लावतो. लहान मुलांच्या हातात देण्याच्या पुस्तकात असा प्रकार मला सोडून देता येईना. प्रत्येक शब्दाला एक संदर्भ हवा, आणि तो हाताशी जे आहे त्यातूनच निवडायला हवा, हे उघड होतं.

‘हॅपी’साठी काकांचं नाव एकमताने ठरलं. (मत देणारी मी एकटीच होते.) काकांइतका स्थिर माणूस माझ्या पाहण्यात नाही. सकाळी जसे असतात तसेच संध्याकाळी असतात. नळ गळला तरी तेच, नळ दुरुस्त झाला तरी तेच. संदर्भाकडून याहून जास्त अपेक्षा नसते. पुढच्या खोलीतला ए.सी. वीस अंशांवर ठेवला, काकांना खिडकीजवळच्या खुर्चीवर बसवलं, रस्त्यावरच्या गाड्यांचे धक्के पोचू नयेत म्हणून खुर्चीच्या पायांखाली रबराचे तुकडे घातले आणि त्यांच्या शर्टाच्या खिशाला चिठ्ठी टाचली: ‘हॅपी. संदर्भ. हात लावू नये.’

काकांनी चिठ्ठी उलटी धरून वाचली. “हे कशासाठी गं?”

“मावशीच्या पुस्तकासाठी.”

“मग बसतो. तिच्या पुस्तकासाठी रबरावर काय, काट्यावर बसू.”

(काट्यावर बसायला मी सुचवणारच होते, पण घरात पुरेसा मोठा काटा नाही.)

संदर्भ मिळाल्यावर बाकीचे शब्द त्याच्याशी ताडायचे. ग्लॅड म्हणून मी स्वतः काकांच्या समोर उभी राहिले. (दुसरं कोणी मोकळं नव्हतं. मी ग्लॅड होऊन बराच वेळ उभी राहिल्यावर काकांनी काळजीने विचारलं, “ऑफिसात कोणी काही बोललं का?” तेव्हा ग्लॅडसाठी नवीन माणूस शोधावा लागेल, अशी नोंद केली.) पहिला दिवस चांगला गेला. दुसऱ्या दिवशी दुपारपासून मात्र काकांचं वाचन, म्हणजे आमच्या भाषेत मोजमापाचा आकडा, खाली सरकायला लागलं. संदर्भावर कण पडले की संदर्भ बिघडतो, त्यामुळे खुर्चीवर बसून काही खायला मनाई होती; संदर्भ जागचा हलला की पुन्हा स्थिर व्हायला वेळ लागतो, त्यामुळे उठायलाही मनाई होती. काकांनी हे सगळं अत्यंत निष्ठेने पाळलं. (ते मला स्वयंपाकघरात फरसाणाच्या डब्याशी सापडले. खिशावरची चिठ्ठी त्यांनी काढून खुर्चीवर ठेवली होती. खुर्ची हॅपी आहे, मी नाही, असा त्यांचा युक्तिवाद होता.)

“संदर्भाला चहा तरी चालतो का?” त्यांनी मला विचारलं.

“चालतो. गरम नको.”

“मग तो चहा नव्हे, ती शिक्षा.”

चौथ्या दिवशी काका मफलर गुंडाळून, पाय पोटाशी घेऊन, नाक पुसत बसले होते, आणि खिशावर तीच चिठ्ठी. आमच्या कामात संदर्भ घसरला तर दोनच मार्ग असतात: संदर्भ बदलायचा, किंवा बाकी सगळं त्याच्याबरोबर खाली आणायचं. काका बदलणं माझ्या हातात नव्हतं. म्हणून मी ‘हॅपी’ खाली आणला. ग्लॅड, प्लीज्ड, जॉयफुल काट मारून काढले आणि काकांकडे पाहून जे निर्विवाद दिसत होतं ते लिहिलं. तेव्हा तुझ्या पुस्तकात हॅपीसमोर आता ‘कोल्ड’, ‘हंग्री’ आणि ‘ऑल राइट’ असे तीन शब्द आले. (‘ऑल राइट’ काकांच्या आग्रहावरून. ते म्हणाले, “बायकोचं पुस्तक आहे, अगदीच उघडं नको पडायला.”)

‘अँग्री’चं काम त्या मानाने सोपं गेलं आणि त्याचं संपूर्ण श्रेय समोरच्या वकीलबाईंना आहे. क्रॉस, ॲनॉइड, अँग्री, फ्युरिअस हे चारही शब्द तू एका ओळीत बसवले होतेस, जशी काही एका उंचीची भावंडं. मला पायऱ्या हव्या होत्या. पायऱ्या मोजायच्या तर असा स्रोत लागतो, जो तेवढ्याच धक्क्याला दर वेळी तेवढंच उत्तर देतो. वकीलबाई दुपारी घरी असतात, त्यांच्या दाराला घंटा आहे, आणि आमच्या दारातून त्यांचं दार सरळ दिसतं. मी घंटा वाजवली. वकीलबाई आल्या आणि म्हणाल्या, “काय गं?” मी म्हटलं, “काही नाही, आभारी आहे,” आणि क्रॉस लिहून घेतलं. थोड्या वेळाने पुन्हा वाजवली. “आता काय?” हे ॲनॉइड. तिसऱ्यांदा त्यांनी विचारलं, “तुला काही कामधंदा आहे की नाही?” मी म्हटलं, “आहे. हाच.” चौथ्यांदा त्या हातात कंगवा आणि अर्धी वेणी अशा बाहेर आल्या आणि जे बोलल्या त्यापुढे मी नुसतं ‘फ्युरिअस’ लिहिलं. दुसऱ्या दिवशी तेच सगळं पुन्हा करून पाहिलं. त्याच घंटेला तेच उत्तर, तोच आवाज, शेवटी तोच कंगवा. इतका विश्वासू स्रोत मी माझ्या नोकरीत पाहिलेला नाही. (आमच्याकडचं एक जुनं दाबमापक जवळपास असं आहे, पण त्यालासुद्धा मधूनच काहीतरी होतं.)

त्यानंतर वकीलबाईंनी मला नोटीस पाठवली. समोरच्या दारातून आमच्या दारात यायला तिला रजिस्टर्ड पोस्टाने गावभर फिरून यावं लागलं. नोटिशीत म्हटलं होतं, की माझ्या वर्तनामुळे त्यांना त्रास, उपद्रव, मनस्ताप, पीडा आणि छळ सहन करावा लागला. मावशी, मी ती उभ्या उभ्या वाचली आणि मला धक्काच बसला. पाच शब्द, एकच घटना, आणि एकाही शब्दाला संदर्भ नाही. मी लाल पेन घेतलं. पाचही शब्द चढत्या क्रमाने लावले, ‘छळ’ खोडला, कारण मी चौथ्या घंटेच्या पुढे गेलेच नव्हते, ‘पीडा’समोर प्रश्नचिन्ह काढलं आणि समासात ‘पुरावा जोडावा’ असं लिहून नोटीस त्यांच्या दाराखालून आत सरकवली. दोन्ही दारांमधलं अंतर वकीलबाईंनी कसं पार केलं ते मी पाहिलं नाही. घंटा न वाजवता त्या आत होत्या.

“माझ्या नोटिशीला लाल पेन? माझ्या? न्यायाधीशांनी नाही लावलं कधी!”

“त्यांनी वाचली नसेल,” मी म्हटलं.

(फ्युरिअसच्या वर एक पायरी आहे, हे मला तेव्हा कळलं. इंग्रजीत तिला शब्द असेल तर कळव.) पुढच्या खोलीत जाऊन आम्ही दोघींनी बराच वेळ वाद घातला. गार हवेत माणसाचा आवाज हळूहळू खाली येतो, हे माझं नवीन निरीक्षण आहे. वकीलबाईंचं म्हणणं असं, की एक शब्द लावला तर माणूस त्यातून निसटतो, म्हणून एकाच अर्थाचे पाच लावायचे. या दारातून गेला नाही तर त्या दारात सापडतो. काकांनी मफलरमधून मान हलवली. मी म्हटलं, मग पाचही दारांना कुलूप एकाच मापाचं हवं. हे चाललं असताना त्यांची नजर टेबलावरच्या प्रुफावर गेली. तिथे मी लिहिलं होतं: ‘अँग्री. संदर्भ: समोरच्या वकीलबाई.’ त्यांनी चष्मा पुसला आणि पुन्हा वाचलं.

“हे छापलं जाणार?”

“हो.”

“मुलं वाचणार?”

“पाठ करणार.”

वकीलबाई म्हणाल्या, “मग नावापुढे पदवी घाल. आणि ही नोटीस मी मागे घेते.” तेव्हापासून त्या रोज दुपारी काकांच्या शेजारच्या खुर्चीवर बसून असतात आणि मी बोलावलं की अँग्री होतात. (न बोलावताही होतात. ते हिशेबात धरलेलं नाही.)

आता तुझ्या वर्गाबद्दल. तू नसताना मुलांची सवय मोडू नये म्हणून मी दुपारचा वर्ग चालू ठेवला आहे. नवीन पद्धत मुलांपुढे मांडली. मी साधारण हळू शिकवते, पण मुलांना ही पद्धत एका दिवसात समजली. फार लवकर समजली. त्यांनी घरून कोरे कागद आणि टाचण्या आणल्या, ओळीने शब्द वाटून घेतले आणि आपापल्या घरी संदर्भ नेमले. ‘क्लेव्हर’वर तीन घरांनी हक्क सांगितला आहे. ‘ब्यूटिफुल’च्या चिठ्ठ्या परत मागवल्या, पण आयांनी त्या दिलेल्या नाहीत. ‘लेझी’ हा शब्द ज्या मुलीच्या वाट्याला गेला (तुझ्या वर्गातली ती दोन शेंड्यांची, प्रत्येक उत्तराआधी ‘सोप्पंय’ म्हणते ती), तिची आई दुसऱ्याच दिवशी दारात.

“मॅडम, आमच्या ह्यांच्या बनियनला तुमच्या वर्गातली चिठ्ठी आहे. ‘लेझी. हात लावू नये.’”

मी म्हटलं, “चिठ्ठी बरोबर टाचली आहे ना?”

“चिठ्ठीचं काय घेऊन बसलात! सकाळपासून पलंगावर आहेत. भाजी आणा म्हटलं तर म्हणतात, मला धक्का लागला तर पोरीचं इंग्रजी बिघडेल. पंखा माझ्याकडून लावून घेतला!”

मी त्यांना समजावलं की संदर्भ नियमाप्रमाणेच वागतो आहे आणि इतका शुद्ध नमुना सहसा मिळत नाही. त्यांनी माझ्याकडे ज्या नजरेने पाहिलं ती ॲनॉइड आणि अँग्रीच्या बरोबर मधली होती. वकीलबाईंनीही आतून दुजोरा दिला. (त्या गृहस्थांना आता ‘आयडल’ आणि ‘स्लॅक’ हे शब्दही हवे आहेत. शेजारच्या इमारतीतल्या एका बाबांचा त्यावर डोळा आहे.)

या सगळ्यात छापखानेवाले प्रुफं न्यायला स्वतः आले. मी त्या वेळी बिग, लार्ज, ह्यूज या ओळीवर अडले होते. घरात कपाट आहे, पण कपाट बिगच्या पुढे जात नाही. तेवढ्यात घंटा वाजली, मी दार उघडलं, आणि दार उघडूनही उजेड आत आला नाही. छापखानेवाले आमच्या दारातून थोडे तिरके होऊन आत येतात, हे तुला माहीत आहेच. मी त्यांना चौकटीतच थांबवलं आणि टेप आणली.

“अहो, शर्ट शिवताय का माझा?” त्यांनी हात वर करून हसत विचारलं.

“नाही. ह्यूजसाठी.”

हात खाली आले. ते आत आले, त्यांनी टेबलावरची प्रुफं उचलली, हॅपीसमोरचं कोल्ड वाचलं, वकीलबाईंची पदवी वाचली, काकांच्या खिशावरची चिठ्ठी वाचली. मग मला म्हणाले, “बाईंनी मला पुस्तक दिलं होतं. हा पंचनामा आहे.” आणि पुढे असंही म्हणाले, की आठवड्याभरात धड मजकूर हातात आला नाही तर ते मशीन हेडमास्तरांच्या पाढ्यांना देऊन मोकळे होतील, आणि बाईंना सांगायचं ते मीच सांगायचं. मावशी, या वाक्यानंतर मी काही वेळ टेप गुंडाळत राहिले. तुझं नाव पोटमाळ्यावर आणि हेडमास्तरांचे पाढे दुकानात, असं चित्र माझ्या डोळ्यांसमोर आलं. ते पुरेसं स्पष्ट होतं, त्याला संदर्भ लागला नाही.

परिस्थिती काकांनी सावरली. ते म्हणाले, “अहो, बसा तर खरं. छापखान्यात भट्टी पेटलेली असते तुमच्याकडे, इथे वीस अंश आहेत.” छापखानेवाले बसले. (खुर्चीखालच्या रबराचा आवाज झाला.) त्यांनी घाम पुसला, गार चहा घेतला, वकीलबाईंना अँग्री होताना एकदा पाहिलं आणि मनापासून दाद दिली. संध्याकाळपर्यंत ते विचारत होते, ह्यूजच्या वर काही आहे का? मी म्हटलं, इनॉर्मस आहे. “तो हेडमास्तरांना नाही ना दिला?” नाही म्हटल्यावर त्यांनी स्वतःच टेप मागून घेतली. (इनॉर्मससाठी ते थोडे कमी पडतात. त्यांनी श्वास आत घेऊन दाखवला. मी चालवून घेतलं.)

आता तिघंही संदर्भ रोज पुढच्या खोलीत बसतात. कामाला शिस्त आली आहे. कोणाला कोणता शब्द यावर वाद होतात, पण ते सगळे वीस अंशांवर होतात. मजकूर आणि मुखपृष्ठ यांचा शेवटचा निर्णय झाला की मशीन त्याच दिवशी सुरू करतो, असा शब्द छापखानेवाल्यांनी दिला आहे. निर्णय तुझ्याकडून यायचा आहे, आणि त्यासाठी हे पत्र. ताईला माझी आठवण सांग. तू स्वतःच्या जेवणाच्या वेळा सांभाळ.

तुझी भाची

ता.क. तिघांच्या वतीने लिहिते आहे. त्यांचं म्हणणं असं, की या पुस्तकातला प्रत्येक महत्त्वाचा शब्द आता त्यांच्यावर उभा आहे, ते उठले तर पुस्तक बसेल, तेव्हा मुखपृष्ठावर त्यांची नावं यायला हवीत. क्रम असा ठरला आहे: वर काका, मध्ये वकीलबाई पदवीसह, त्यांच्याखाली छापखानेवाले आणि शेवटी तू. चौकट एवढीशी असल्यामुळे चारही नावं एका आकारात बसत नाहीत. एक नाव स्मॉल करावं लागेल, आणि छापखानेवाल्यांच्या मते स्मॉलनेही भागणार नाही, टायनीच करावं लागेल. ते कोणाचं, हे तिघांनी तुझ्या समजूतदारपणावर सोडलं आहे. काका म्हणाले, “तिला काही वाटायचं नाही. ती कुठे कधी नाही म्हणते?” पत्र पोचल्याचं कळलं की तिघं मिळून तुला फोन करणार आहेत. वरचा सगळा मजकूर त्यांनी वाचून मान्य केला आहे.

ता.क. दुसरा. हा त्यांनी वाचलेला नाही. कंसांतला मजकूरही वाचलेला नाही. त्या जागा मी कोऱ्या सोडल्या होत्या, त्या आता भरल्या. काकांनी विचारलं होतं, इतक्या मोकळ्या जागा कशाला? मी सांगितलं, श्वास घ्यायला.

मावशी, तुझं पुस्तक छापून झालं आहे. तू दिलेल्या प्रुफांचा एक संच मी पहिल्याच दिवशी बाजूला काढून ठेवला होता. कोणतीही वस्तू तपासायच्या आधी मूळ स्थितीतला एक नमुना आम्ही ठेवतोच. काल तिघं माझ्या टेबलाभोवती अक्षरांच्या जाडीवरून भांडत असताना मी तो घेऊन छापखान्यात गेले आणि मशीनवाल्याला म्हटलं, मालकांनी सुरू करायला सांगितलंय. त्याने मालक कुठे आहेत असं विचारलंच नाही. मालक आमच्या ए.सी.खाली आहेत हे आता सगळ्या गल्लीला ठाऊक आहे. मजकूर तुझाच आहे, शब्दाला शब्द. फक्त छपाईच्या चुका सुधारल्या. तू तेवढंच सांगितलं होतंस. हॅपीसमोर ग्लॅड आहे आणि ग्लॅडसमोर प्लीज्ड आहे आणि ते गोल गोल फिरत आहेत. मी तेच पान मुलांना वाचून दाखवलं. त्यांना समजलं. कसं समजलं ते मला अजून समजलेलं नाही, पण प्रत्येक मुलावर वेगवेगळं तपासलं आणि दर वेळी तेच आलं. मुखपृष्ठावर एकच नाव आहे. मोठं आहे.

काकांबद्दल एक गोष्ट राहिली. त्यांचं वाचन रोज संध्याकाळी एकदा वर जातं आणि थोड्या वेळाने खाली येतं. मी आधी ए.सी.वर संशय घेतला. ए.सी. चांगला आहे. तुझा फोन येतो तेव्हा ते वर जातं. म्हणजे इतके दिवस मी पेटीत चुकीचं माणूस बसवलं होतं. पेटीतलं माणूस ताईकडे बाळाला आंघोळ घालत बसलं आहे. हे त्यांना सांगू नकोस, नाहीतर त्यांना मुखपृष्ठावर फोटोही हवा होईल.

आता खरं काम. पुस्तकं अजून बांधायची आहेत, मुखपृष्ठ चिकटवायचं आहे, आणि छापखाना शेवटी छापखानेवाल्यांचा आहे. फोनवर तू हो म्हणालीस तर ते छापलेलं मुखपृष्ठ रद्दीत घालून नवं काढतील आणि तू तळाशी टायनी होशील. तेव्हा फोन आला की तू ‘नाही’ म्हण. फक्त नाही. ‘बघू’ म्हणू नकोस, ‘आल्यावर बोलू’ म्हणू नकोस, ‘तुम्ही सगळे म्हणताय तर’ अशी सुरुवातही करू नकोस. काकांच्या कानाला हे सगळे ‘हो’चे समानार्थी शब्द आहेत, तुमच्या लग्नाला जितकी वर्षं झाली तितका पुरावा आहे. वकीलबाई पाच शब्दांनी विचारतील, तू एकानेच उत्तर दे. तुला हा शब्द उच्चारायची सवय नाही, म्हणून थोडा सराव लागेल. बाळ समोर आहेच. त्याला एकदा नाही म्हणून बघ, आणि ते रडलं तरी बघू म्हणू नकोस.